वरच्या पायरीवर ऐकू आलेलं

साउथहॅम्प्टनच्या आमच्या प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये आज कुणीतरी गरम ऑलिव्ह तेलात वाळलेला ओरेगानो चुरडून टाकला, आणि त्या वासासरशी मी सहा वर्षांपूर्वीच्या ग्रीसमधल्या एका तप्त सकाळी जाऊन पोहोचले.

आठ जणांची ती सहल प्राचीन अवशेष दाखवून दुपारचं जेवणही देणारी होती. आई, बाबा आणि मी सोडून मराठी कुणी नव्हतं. दगडी रंगमंचाच्या मध्यभागी कुजबुजलेलं सर्वांत वरच्या पायरीवर ऐकू येतं, असं गाइडने सांगितलं. मला ते पडताळायचं होतं, म्हणून मी एकटीच वर चढले. खाली रंगमंचाच्या मध्यभागी उभी आई बाबांशी बोलू लागली. परक्यांत मराठी बोललं की कुणाला कळत नाही, हा तिचा कायमचा भरवसा.

"माझ्या गाठीचं तिला सांगू नका हं. तिचा प्रबंध होऊ दे, मग ऑपरेशन करू."

प्रत्येक शब्द वर स्पष्ट पोहोचला.

जेवताना मी विचारलं, "आई, ऑपरेशन कधी आहे?"

तिने बाबांकडे पाहिलं. "सांगितलंत ना शेवटी?"

"अगं, मी तुझ्यासमोरून हललोसुद्धा नाही."

"ते याच महिन्यात करायचं," मी म्हटलं.

"आणि तुझा प्रबंध?" माझ्या ताटात पाव ठेवत तिने शांतपणे विचारलं.

तेव्हा मी त्या गाठीने हादरले होते. आज हादरते ती वेगळ्याच गोष्टीने: तिला उत्तर देण्याआधी मी मनातल्या मनात खरोखरच प्रबंधाच्या आणि ऑपरेशनच्या तारखा जुळवून पाहिल्या होत्या.