चार नंबरची लाल रेघ

आमच्या राखोलीच्या फॅक्टरीत प्लास्टिकच्या बादल्या व्हायच्या. मोल्डिंगची पाच मशिनं होती आणि त्यातलं सगळ्यात म्हातारं, चार नंबरचं, माझ्या गळ्यात होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या शेठच्या मनात आलं, की यातलं एक विकून टाकावं. चार नंबर गेलं असतं तर त्याच्यावरची दुधनी-खेरडी गावांतली माणसं गेटबाहेर गेली असती. पण वर्षभर खपून आम्ही त्याच्या फुटक्या बादल्या चांगल्याच कमी केल्या होत्या. आकडे शेठपुढे ठेवले की झालं, असं मी धरून चाललो होतो.

आमचे मॅनेजर नाशिकचे, नुकतेच मुंबईत सेमिनार करून आलेले. "अहो, शेठ आकडे वाचत नाहीत. त्यांना चित्र द्या," म्हणत त्यांनी एक झेरॉक्स पुढे टाकली. डावीकडे उभी रेघ, म्हणजे गेलं वर्ष. उजवीकडे दुसरी, हे वर्ष. मध्ये प्रत्येक मशीनची एक तिरकी रेघ. उतरली तर फुटकी बादली कमी, चढली तर जास्त. शेंबडं पोरही वाचेल.

वाचेल हो, पण काढायचं कोणी?

फॅक्टरीतला एकुलता एक कॉम्प्युटर अकाउंट्सच्या एसी खोलीत देवासारखा बसवलेला. बाहेर बूट काढायचे, मग आत. भोकाच्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा लपवत मी आकडे भरले आणि बटण दाबलं. पाच मशिनांच्या पाच रेघा हव्या होत्या. आल्या दोनच, त्याही एका मशीनवरून दुसऱ्यावर माकडासारख्या उड्या मारत. मग तक्त्यातलं आडवं ते उभं केलं. पाच रेघा आल्या, तर टोकाची नावं एकमेकांच्या डोक्यावर बसली. एक सरकवावं, दुसरं गायब! वैतागून नावंच उडवली. म्हटलं, हातानं लिहू. स्क्रीनवर रेघा लाल, निळ्या, हिरव्या. प्रिंटरला मात्र काळीच रिबन. करकरत त्यानं पाचही रेघा काळ्या कुळकुळीत काढून दिल्या.

घरी येऊन लेकीचे स्केचपेन घेतले. बायको म्हणाली, "इंजिनियर झालात ते रंगवायलाच का?" मी मान वर न करता रंगवत राहिलो. चार नंबर लाल, दोन नंबर निळा. डावीकडून रंगवत गेलो आणि रंग जिथे पोचला तिथे नाव लिहिलं.

शेठ आले. कागदावर बोट ठेवलं.

"आ लाल शुं छे?"

"चार नंबर, शेठ."

"उतरला, बराबर. मग मधेच परत चढला कशाला?"

पाहिलं तर खरंच, लाल रेघ निम्म्यापर्यंत उतरून पुन्हा वर गेलेली. दुसरा कोणी गप्प बसला असता. मी म्हणालो, "मोल्ड जुना झालाय, शेठ. पावसाळ्यात प्लास्टिकचा दाणाही दमट होतो. त्यात व्होल्टेज..."

"ऑपरेटर सुट्ट्याही फार घेतात," मॅनेजरांनी हातभार लावला.

"एटलुं बधुं? एवढं सगळं? मग हाच विकून टाका ना!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आकडे दोनच वर्षांचे, रेघेला टोकं दोनच. मग मध्येच वळण आलं कुठून? चार आणि दोनच्या रेघा मध्ये एकमेकींना छेदत होत्या. प्रिंटरनं तिथे काळा गोळा केला होता, आणि माझा लाल पेन त्या गोळ्यात चारच्या रेघेवरून शिरून दोनच्या रेघेवरून बाहेर पडला होता.

"शेठ, पट्टी द्या."

पट्टी लावली. चारची रेघ सरळ खाली गेली, चढलेली दोनची निघाली.

"म्हणजे मोल्ड जुना नाही?"

"जुना आहे, पण चालतो."

"अने दाणा?"

"तो सगळ्यांनाच दमट, शेठ."

"अने सुट्ट्या?" हे मॅनेजरांना. ते खिडकीतून दमणगंगा नदी बघत होते.

"साधे आकडे दे मला," शेठ माझ्याकडे वळले.

कागद उलटा करून मी मागे लिहून दिले. शेठनी ते चष्मा न लावता एका दमात वाचले.

"चार राहू दे. दोन नवा आहे, वॉरंटीत आहे, बनवणाऱ्याला बोलवा. विकायचं यंदा नको."

बाहेर आल्यावर मॅनेजर म्हणाले, "अहो, सरळ आकडेच का नाही दिलेत?"

मी थेट चार नंबरवर गेलो. ऑपरेटर बादलीची कड साफ करत होता.

"साहेब, काय ठरलं?"

"चालू ठेव," म्हटलं. "आणि दाणा जरा वाळव. दमट आहे म्हणून सांगून बसलोय."