कंपनीची फाईल

गेलन ड्रायलिंगच्या गॅरेजात येणारा माणूस आधी ट्रकबद्दल बोलायचा आणि मग खोटं बोलायचा. "मी काही जोरात चालवत नाही," हे पहिलं खोटं, आणि "माझा ट्रेलर काही फार जड नसतो," हे दुसरं. गेलन दोन्हीला मान डोलवायचा, स्टिअरिंगखाली हात घालून काडेपेटीएवढी एक डबी खोचायचा आणि म्हणायचा, "आठवडाभर चालव नेहमीसारखा. मग बघू." आठवड्यानं ती डबी सगळं ओकायची. पाय कधी किती दाबला, गिअर कधी बदलला, तेल किती तापलं. शोनफेल्ड गावात पाद्रीबाबांच्या खालोखाल लोकांची पापं कुणाला ठाऊक असतील तर ती गेलनला, आणि दोघंही ती कुणाला सांगत नसत.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. कंपनी हजारो पिकअप बनवते आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच अक्कल भरते. रविवारी चर्चपुरता बाहेर निघणारा ट्रक आणि चौदा गायींचा ट्रेलर मागे जोडून, समोरून कॅन्ससचा वारा खात चढ चढणारा ट्रक, दोघांची अक्कल एकच. गेलन ती अक्कल ज्याच्या त्याच्या मापाची करून द्यायचा. इंजिनानं कुठं जोर धरावा, गिअरबॉक्सनं गिअर कधी सोडावा, कधी सोडू नये. याला सगळे ट्यून म्हणत. धान्याच्या कोठारावर अकरा वर्षं मेकॅनिकी केल्यावर हे सगळं तो आपलं आपणच शिकला होता. काळा धूर सोडणारं ट्यून मागायला पोरं आली की तो म्हणायचा, "त्यापेक्षा शेतात टायर जाळ. स्वस्त पडेल."

त्याचा आणखी एक नेम होता. ट्रकात काही घालण्याआधी मुळात आत काय होतं ते तो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा आणि मालकाचं नाव लिहून कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. ही कंपनीची फाईल. ती परत मागायला माणूस यायचा तो ट्रक विकतानाच. एकदा मनासारखा ओढणारा ट्रक हाताखाली आला की मागे कोण जातो? म्हणून "कंपनीची फाईल घाल" असं कुणी म्हटलं की गेलन मान वर न करता विचारायचा, "कोण घेतोय?"

या सगळ्याला काम म्हणायला एकच माणूस तयार नव्हता, आणि तो नेमका त्याचा सासरा होता. व्हर्जिल बिलिंगर, वय वर्षं त्र्याहत्तर, तीनशे गायी, दगडी खांबांचं बारा मैल कुंपण. आपली गुरं तो स्वतःच ट्रकला ट्रेलर जोडून गुरुवारच्या बाजाराला न्यायचा. दुसऱ्यानं हाकलेल्या गायीचं वजन वाटेत घटतं असं त्याचं म्हणणं होतं. गेलनच्या लग्नात त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "नखात तेल नसलेला मेकॅनिक मी पहिल्यांदाच बघतोय. तोही माझ्याच घरात आलाय." लोक हसले. बावीस वर्षं झाली, लोक अजून हसत होते.

तो व्हर्जिल ऑगस्टमध्ये एका सकाळी आपला पांढरा पिकअप घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहिला आणि खाली न उतरताच म्हणाला, "घाल त्यात तुझं ते भूत."

गेलनला आनंद झाला, आणि तो त्यानं लपवलाही नाही. घरी येऊन बायकोला, रोंडाला, दोनदा सांगितलं. चार दिवस खपून त्यानं सासऱ्याच्या ट्रकाचं ट्यून बनवलं, जसं कुणाचंच बनवलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बाजारातल्या खानावळीत, गुरांचे दलाल, ट्रकवाले आणि निम्मं गाव जेवत असताना, व्हर्जिलनं टेबलावर मूठ आपटली. "पाचवा, सहावा, पाचवा, सहावा! गिअर नुसता आत-बाहेर करतोय, दार उघडं दिसलेल्या मांजरासारखा. चांगला ट्रक होता माझा. जावईबापूंनी हात लावला!"

लेरॉय वर्थ नावाचा शेजारी होता, व्हर्जिलच्या ट्रकावर त्याचा कैक वर्षांपासून डोळा. तो म्हणाला, "हात कुठं लावला? बोटं लावली नुसती. कीबोर्डाला."

गेलननं ट्यून एकदा सुधारलं, दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा मुळापासून नवं केलं. तोच ट्रक, तोच ट्रेलर, त्याच चौदा गायी घेऊन तो स्वतः नदीकडचा चढ चढून आला. गिअर कसा, लोण्यात सुरी. व्हर्जिल बसला की पुन्हा पाचवा, सहावा.

"ट्रेलरच्या वायरीत काही असेल," गेलन म्हणाला.

"असेल ना. नाचता येईना, अंगण वाकडं," म्हातारा म्हणाला.

त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी येतो म्हणून सांगितलेलं रद्द केलं. एकानं कारण दिलं, दुसऱ्यानं तेही दिलं नाही. शोनफेल्डसारख्या गावात मेकॅनिकचं नाव सासऱ्याच्या तोंडून गेलं की ते परत आणायला दुसरं तोंड कुठून आणणार? गेलननं खानावळीत जाणं सोडलं. मग त्यानं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सासरा म्हणून डबीतून सूट दिली होती, ती काढून घेतली आणि ट्रकात डबी खोचली.

पुढच्या मंगळवारी दुपारी, एका हातात कोबी-खिम्याचा बन धरून, त्यानं आठवड्याची नोंद लॅपटॉपवर उघडली. पायाची रेघ बघून माणूस ओळखता येतो, असं तो म्हणायचा. रोंडाची रेघ जिना चढल्यासारखी, लेरॉयची म्हणजे नुसती उडी. व्हर्जिलची रेघ मात्र करवतीच्या दातांसारखी होती. बारीक, सारखे दात, सेकंदाला पाच, मैलच्या मैल. पाय जोरात दाबला की दात नाहीसे व्हायचे, पाय नुसता टेकून ठेवला की परत यायचे. ट्रक बिचारा दर वेळी विचारत होता, जोर हवा की नको? आणि पाय त्याला सेकंदात पाच वेळा दोन्ही उत्तरं देत होता.

गेलननं सावधपणा म्हणून व्हर्जिलला न सांगता पेडलचा सेन्सर बदलला. स्वतः चालवून पाहिलं तर रेघ सरळ. बुधवारभर व्हर्जिलनं चालवलं, रेघेला पुन्हा दात.

खरं सांगायचं तर गेलनला आधी आनंद झाला. त्यानं ती रेघ कागदावर छापून घेतली. हा कागद खानावळीत टेबलावर ठेवला की बावीस वर्षांचा हिशेब एका झटक्यात चुकता. तो आनंद मिनिटभरच टिकला, पण त्याची लाज त्याला पुढे बरेच दिवस पुरली. कारण मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ईस्टरच्या जेवणात म्हातारा उजवा हात खिशातून काढतच नव्हता. आणि वसंतापासून खानावळीत तो कॉफी अर्धाच कप मागायचा. लोकांना वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असेल.

रात्रीची भांडी आवरल्यावर रोंडानं तो कागद पुष्कळ वेळ पाहिला. तिचा आजा शेवटी चमचा धरू शकत नव्हता. तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

"हे काढता येतं का तुला? ट्रकातून?" तिनं विचारलं.

"येतं. पाय हलला तरी ट्रकाला कळू नये असं करता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. गिअर लोण्यासारखा पडेल, माझं नावही राहील."

"मग कर ना." तिनं कागद उलटा करून ठेवला. "ब्रेकवरही तोच पाय असतो ना, गेलन?"

"तोच."

गुरुवारच्या रस्त्यावर सकाळी शाळेची बस असते. ते दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी गेलन लॅपटॉप घेऊन सासऱ्याकडे गेला. "चला, एक चक्कर मारू," म्हणाला. व्हर्जिलनं चालवायला घेतलं. नदीकडच्या चढावर गिअरनं आपलं नेहमीचं सुरू केलं. "ऐक," म्हातारा म्हणाला, "ऐक तुझी करामत."

"बाजूला घ्या जरा," गेलन म्हणाला, आणि ट्रक थांबल्यावर त्यानं दोन कागद त्याच्या मांडीवर ठेवले. "हा माझा पाय. हा तुमचा."

गाईची चाल बघून ती कुठल्या पायानं अधू आहे हे अर्ध्या मैलावरून सांगणारा माणूस. त्याला कागद वाचायला किती वेळ लागणार? पण त्यानं बराच वेळ घेतला.

"ट्यून घालायच्या आधीपासून हे असंच होतं," शेवटी तो म्हणाला. "मार्चपासून."

"मग माझ्याकडे आलात कशाला?"

"म्हटलं, ट्रकच असेल. तुझ्या हातून नीट झाला तर सुटलो. नाही झाला तर..." त्यानं कागदाची घडी घातली. "नाही झाला तर तुझ्यावर ढकलता येईल."

गेलनला राग आला. आजवर या माणसानं त्याला नावं ठेवली होती ती निदान खरं वाटून ठेवली होती, असा त्याचा समज होता. "सगळ्या गावासमोर माझं तोंड काळं केलंत तुम्ही, व्हर्जिल. माहीत असून."

"केलं," म्हातारा म्हणाला. "दुसरं काही सुचलं नाही." आणि काचेबाहेर बघत, "ट्रकाला कळणार नाही असं काही करता येतं?"

"केलंय. इथं आहे," गेलन लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला.

"मग घाल."

"ऐका. हे घातलं की गिअर गपगार होईल. पण पाय हलायचा थांबणार नाही. आत्ता तुम्हाला गिअर सांगतोय किती हलतोय ते. मग सांगणारं कुणी नाही. तुम्हालाही कळणार नाही. तुम्ही म्हणत असाल तर घालतो. ट्रक तुमचा आहे."

व्हर्जिलनं कागद खिशात घातला. ट्रक सुरू केला, वळवला, आणि सगळा रस्ता पाचवा, सहावा, पाचवा, सहावा करत त्यानं जावयाला त्याच्या गाडीपाशी आणून सोडलं.

गुरुवारी रोंडानं गेलनला बळंच खानावळीत पाठवलं. "लपून बसलास तर लोक म्हणतील, खरंच होतं," असं तिचं म्हणणं. तो दाराजवळच्या टेबलावर बसला. अकराच्या सुमाराला व्हर्जिल गुरं विकून आत आला, आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि खानावळीतली वाढपी मार्लीस कॉफी ओतायला आली तेव्हा म्हणाला, "आज पूर्ण भर."

मार्लीसनं कप काठोकाठ भरला. व्हर्जिलनं तो उजव्या हातानं उचलला, वर, सगळ्यांना दिसेल असा. बशीत सांडली, टेबलावर सांडली, बाहीवर सांडली. त्यानं घाई केली नाही. एक घोट घेऊन कप खाली ठेवला तेव्हा आत अर्धाच उरला होता.

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून लेरॉयसमोर टाकला.

"हे काय? मक्याचा भाव?" लेरॉयला दुसरं काही सुचलं नाही.

"माझा पाय आहे," व्हर्जिल म्हणाला. "ट्रकात खोट नव्हती. पोराच्या कामात पण नव्हती. मी खोटं बोललो." त्यानं बाही पुसली. "अंगण सरळच आहे म्हणायचं. मार्लीस, खायचा पाय कसला आहे आज?"

"चेरीचा," मार्लीस म्हणाली, आणि तिनं न विचारता मोठा तुकडा आणला.

दाराजवळ गेलन आपल्या ताटाकडे बघत राहिला. कुणीतरी जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि त्याला ते मुळीच गोड लागलं नाही.

दोन वाजता पांढरा पिकअप गॅरेजच्या दारात आला, मागे ट्रेलर नव्हता. व्हर्जिलनं काच खाली केली.

"कंपनीची फाईल घाल."

गेलनच्या ओठांवर सवयीनं प्रश्न आला होता, तो त्यानं गिळला. पण म्हाताऱ्यालाही गॅरेजची रीत ठाऊक होती.

"विचार की."

"कोण घेतोय?"

"लेरॉय. आणि तुझं हे ट्यून मी त्याला देणार नाही. ते माझ्या मापाचं होतं. त्यानं स्वतःचं घ्यावं, रांगेत उभं राहून."

गेलननं कॉफीचा डबा काढला, बिलिंगर लिहिलेली फाईल शोधली आणि वायर जोडली. म्हातारा चालवायच्या जागेवरच बसून राहिला, म्हणून चावीचं काम त्याच्याकडे आलं. गेलन सांगेल तशी चावी फिरवायची, थांबायचं. लॅपटॉपवर आकडा हळूहळू शंभराकडे सरकत होता. दोघं तो बघत बसले. चार दिवस खपून केलेलं काम पुसायला अकरा मिनिटं लागली.

"झालं. आता बंद करा," गेलन म्हणाला.

व्हर्जिलनं चावी फिरवली आणि या वेळी ती बाहेर काढली. ट्रकातून उतरला. बॉनेटला हात टेकत पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला, दार उघडून आत बसला आणि चावी गेलनसमोर धरली.

"घरी सोड मला," तो म्हणाला. "आणि सावकाश चालव. लेरॉयचा ट्रक आहे."