पोळ्याच्या तोरणाखाली मोटारसायकल

थंड इंजिनावर कार्बोरेटरचा पेच पिळून मी मोटारसायकलची चाल ठरवली, आणि तीसुद्धा पोळ्याच्या सकाळी.

महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेली ती गाडी मी डोणगावच्या एका व्यापाऱ्याकडून आणली होती. गावात तेवढी एकच. ती बैलांसारखी सजवून तोरणाखाली उभी करावी, असं माझ्या डोक्यात आलं. शिंगं नव्हती, म्हणून हँडलच्या टोकांना बेगड लावली, दिव्याला गोंडे बांधले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे सगळं पाहिलं आणि एवढंच बजावलं, की आपली जोडी मानाची आहे. बैल चमकले तर गाडी उद्या विकून टाकीन.

म्हणून गाडी उभ्या जागी मांजरासारखी घुरघुरायला हवी होती. सकाळी ती सारखी बंद पडत होती. मी पेच आत पिळत गेलो, तेव्हा कुठं ती एका लयीत चालू राहिली. आपण उस्ताद झालो, असं मला वाटलं. सकाळी जेमतेम चालणारं इंजिन तापल्यावर त्याच पेचावर उधळतं, हे उस्तादाला ठाऊक नव्हतं.

दुपार कलली तशी जोड्या तोरणाखाली येऊ लागल्या. झुली, घुंगरमाळा, शिंगांवरचा ओला लाल हिंगूळ, म्हाताऱ्यांनी सुरात म्हटलेल्या झडत्या आणि मध्येच माझ्या गाडीच्या पेट्रोलचा वास. आजही पेट्रोल भरताना मला बेगड लावलेली शिंगं दिसतात. आमची जोडी सर्वांत पुढं, तिच्या शेजारी मी, गाडीवर, फेटा बांधून.

गाडी तापली. घुरघुर वाढली, मग फटफट, मग नुसता गदारोळ. मी घाईघाईनं पेचाला हात घातला आणि तो सैल करायच्या ऐवजी आणखी आवळला. बोटं भाजली ती वेगळीच. आमच्या जोडीनं एकच हिसडा दिला. तोरण शिंगात अडकवून ती थेट नाल्याकडं पळाली, आणि मागून गावचे निम्मे बैल.

डोणगावच्या कापसाच्या जिनिंगमधला एक लॉरी ड्रायव्हर सणाला गावी आला होता. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही. शेजारी उकिडवं बसून पेच थोडा थोडा सैल केला, कान लावला, परत किंचित आवळला. गाडी अशी हळू वाजू लागली, की आमच्या सालदार गड्यानं जोडी परत आणून शेजारी उभी केली तरी बैल निवांत रवंथ करत राहिले. ‘इंजिन गरम झाल्यावरच पेचाले हात लावा लागते, भाऊ,’ ड्रायव्हर सगळ्यांदेखत म्हणाला.

आबा बराच वेळ तो आवाज ऐकत होते. मी खालमानेनं विचारलं, की उद्या गाडी विकायला डोणगावला नेऊ का.

‘राहू दे तिले,’ आबा म्हणाले. ‘तिचा काय दोष? विकाले पाह्यजे तं तुलेच. पन फुकट देतो म्हटलं तरी घेईन कोन?’