फिलामावशीचा शार्को

सकाळची घाई होती. एका शेगडीवर उपमा, दुसरीवर चहा, आणि मोजा एकच सापडतो म्हणून लेकीने घर डोक्यावर घेतलेलं. तेवढ्यात मागचं दार धडधडलं. बेल असताना दार बडवणारी आमच्या गल्लीत एकच, शेजारची फिलामावशी. उघडलं तर अंगात नवऱ्याचा जुना कोट, हातात रिकामं पातेलं आणि डाव, डोळे लाल.

"मावशी, आत या. चहा टाकलाय."

"चहा मरू दे. बूट घाल आणि खाली चल. संध्याकाळी ते बंदूक घेऊन येणारेत."

कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती. शार्को म्हणजे आमच्या परसामागच्या घळीतला कोल्हा. मागच्या आठवड्यात त्याने समोरच्या अमादेऊच्या कुत्रीला पाठीला धरलं. काल नगरपालिकेचा माणूस दारोदार सांगून गेला, "दिसला की भांडी वाजवा, ओरडा, अंगावर धावून जा. माणसाला भ्यायला लागला तर ठीक, नाहीतर उद्या संध्याकाळी मारावा लागेल."

"माझ्या एकटीचा आवाज पुरायचा नाही," मावशी म्हणाली. "दोघी ओरडू."

मी गॅस बंद केला. लेकीला तिच्या बाबांच्या हवाली केलं आणि निघाले.

मावशीचं पूर्ण नाव त्रेंदाफिला. मॅसेडोनियातल्या एका डोंगरी गावातून लग्न होऊन टोरंटोत आली आणि सारा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढला. कामाची पाळी संपली की घरी न जाता आधी घळीत उतरायची. मी इथे नवी असताना मला पहिल्यांदा खाली तिनेच नेलं. वर बस, ट्रक, कुठेतरी सदा चाललेलं बांधकाम. पायऱ्या उतराव्यात तसतसं ते मागे पडत जातं आणि शेवटी नुसता ओढा उरतो. एका मेपलच्या मुळांत ती बैठक मारायची, बूटमोजे काढून पाय पाण्यात सोडायची आणि म्हणायची, "बघ, गावाला जायला विमान कशाला हवं?" बर्फ वितळलं की हाताची आग करणारा कोवळा पाला ती उघड्या हातांनी खुडायची. त्याच्या थरांची खमंग पोळी आमच्याकडे यायची, आणि वर दटावणी, "गरम खा गं, नंतर चामडं होतं त्याचं."

तिचे यजमान कोस्ताकाका गेले आणि स्वयंपाकात तिचा हात काही आवरेना. रस्सा दोघांचाच व्हायचा. मुलगा कॅलगरीला, त्याचा रविवारी फोन. उरलेलं ती खाली नेऊन ओंडक्यापाशी ठेवू लागली. एक दिवस फाटक्या कानाचा शार्को आला. "पोट भरलेलं असलं की वर घरांकडे कशाला येईल?" असा तिचा हिशेब. तो उलटा पडला. माणसाकडे जेवण असतं, एवढंच तो शिकला.

फाटकाशी अमादेऊ उभा होता, काखेत पट्ट्या बांधलेली कुत्री.

"काय फिला, आज काय वाढणार? हिला नेतेस का, अर्धी त्यानेच चाखलीय!"

एरवी मावशीने त्याला सात पिढ्यांसकट सुनावलं असतं. आज तिने कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकले रे, अमादेऊ."

"पाय जपून टाक," एवढं म्हणून तो बाजूला झाला. "खाली चिखल आहे."

खाली ओढा दुथडी भरून वाहत होता. सुकल्या पानांतून पांढरी तिपाकळी फुलं नुकती वर आली होती, झाडांच्या शेंड्यांना ऊन लागलं होतं. अशा सकाळी आम्ही इथे तासन् तास बसलोय. आज बसायला धीर कुणाला होता?

ओंडक्यामागून शार्को निघाला आणि कुत्र्यासारखा बसला.

मावशीने श्वास घेतला आणि पातेल्यावर डाव हाणला. टण, टण, टण! "चालता हो! जा!" मीही घसा ताणला, हात उंच करून नाचले.

शार्कोचा धड कान उभा राहिला. तो उठला आणि शेपूट हलवत आमच्याकडे यायला लागला.

मावशी आणखी जोरात वाजवू लागली. तो आणखी झपाझप आला. अचानक तिचा हात थांबला.

"अगं बाई," ती पुटपुटली. "याच आवाजाने तर मी त्याला जेवायला बोलवायचे."

पातेलं हातातून सुटलं. तो लगेच त्यात तोंड घालून हुंगू लागला. तिने ओल्या मातीचं ढेकूळ उचलून फेकलं. त्याने तेही हुंगलं, चाटलं आणि वर पाहिलं. "मुडद्या, पळ ना रे!" ती किंचाळली. आपली बाई का ओरडतेय, ते त्याला कळेना. तो तिच्या बुटांशी येऊन टेकला.

वर गल्लीत कुठल्याशा गाडीचं दार आपटलं. मावशी दचकली. संध्याकाळला खूप अवकाश होता, तरी तिने पायऱ्यांकडे पाहिलं. मग वाकून ओढ्याकाठचा एक दगड उचलला, हात मागे नेला. हात तसाच राहिला. दगड तिने माझ्या मुठीत कोंबला.

"पोरी," ती म्हणाली, "माझ्या हातून जे येतं ते त्याला खाणंच वाटतं. तू मार. लागेल असा मार."