सत्तारभाईंनी फळाला गोड म्हटलं

अब्दुल सत्तार यांच्या तोंडून एखाद्या फळाची तारीफ ऐकलेला माणूस अख्ख्या अमरावतीत शोधून सापडला नसता. सत्तारभाई खास मालाचे ठोक व्यापारी. कांदा-बटाट्याला त्यांच्या गाळ्यात जागा नाही. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी, सेमाडोहकडची रानभाजी, अचलपूरकडची संत्री, शिवाय हॉटेलवाल्यांना हवी असते ती ब्रोकोली आणि तिच्या गोतावळ्यातली नटवी मंडळी. सकाळची नमाज आटोपून ते गाळ्यावर येतात, उतरलेल्या प्रत्येक मालातलं एकेक फळ कापून खातात आणि मग मोबाईलवर गिऱ्हाइकांच्या ग्रुपमध्ये बोलून निरोप टाकतात. अमरावती-अकोल्याचे हॉटेलवाले आणि केटरर तो निरोप ऐकल्याशिवाय खरेदी ठरवत नाहीत. कुठला माल सुरू झाला, कुठला संपत आला, एवढंच खरं तर सांगायचं. पण सत्तारभाई सांगतात कमी आणि झोडपतात जास्त.

"स्ट्रॉबेरी आली. दिसाले लालभडक, खाल्ली तर चिंच बरी वाटन. फोटो काढाले घ्या, खाऊ घालाले नका घेऊ."

"ब्रोकोली उतरली. ज्याले फुलकोबीच महाग करून खायची हौस असन त्यानं न्या."

"संत्र्याले मेण चोपडून पाठवलं आहे. तोंड चमकते, आत नुसता चोथा."

माल अगदीच उत्तम निघाला तर ते नाइलाजानं "चालते" म्हणत. तेवढ्यावर अकोल्याचे केशवराव केटरर डोळे मिटून माल उचलत. स्वतःच्याच मालाला शिव्या देणारा व्यापारी आपल्याला कशाला फसवेल, असा सगळ्यांचा हिशेब होता आणि तो बरोबरच होता. शिव्यांतून गिऱ्हाईकही सुटत नसे. भर जूनमध्ये मुलीच्या लग्नासाठी स्ट्रॉबेरी मागायला आलेल्या एका बड्या माणसाला ते म्हणाले होते, "साहेब, पैसा आला तुमच्याकडं, जीभ मागंच राहून गेली." बडा माणूस रागावून गेला आणि पुढच्या हंगामात मुकाट्यानं परत आला.

अशा माणसाच्या मुलीनं, नगमानं, अकोल्याला शेतकीची पदवी घेतली आणि वलगावच्या वावरातली कपाशी काढून तिथे सिमेंटचे खांब रोवले. खांबांवर ड्रॅगन फ्रूटचे वेल चढवले. सत्तारभाईंना आयतंच सापडलं. "निवडुंगाले खांब कावून लागते? आमच्याकडं तो बांधावर फुकट उगवते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. नगमानं अर्धंच वावर लावलं होतं, अर्धं मोकळं ठेवलं होतं. मोकळ्या वावरात हेच फळ लावायचं की लावलेलंही उपटायचं, हे पहिल्या तोडीनंतर ठरणार होतं. "बाकी सगळे गोडच बोलतीन," ती आईला, शकीलाला म्हणाली. "अब्बा खरं बोलतीन. त्यायनं निरोप टाकला की मग मी ठरवीन."

पहिली तोड ऑगस्टात आली. सत्तारभाईंनी फळ कापलं. आत गुलाबी रंग असा की नवरीनं हेवा करावा. फोड तोंडात टाकली आणि चव शोधत बसले. चव नव्हतीच. रंगीत पाणी. फळ कच्चं तोडलं होतं, आणि हे फळ काही आंब्यासारखं पेटीत पिकत नाही. दुसऱ्या कोणाचा माल असता तर निरोप तोंडावर तयार होता, आणि तो बाजारात महिनाभर गाजला असता. पण काट्यांनी सोललेले पोरीचे हात त्यांना आठवले. त्यांनी मोबाईल उचलला.

"वलगावचा ड्रॅगन आला. गोड आहे. लय गोड आहे. बेधडक न्या."

वलगावला कोणाचं वावर आहे, हे कोणाला ठाऊक नव्हतं? वऱ्हाडातली एकजात फाटक्या तोंडाची ही माणसं एकाएकी सभ्य झाली. केशवरावांनी बराचसा माल एका लग्नासाठी उचलला आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, "अप्रतिम फळ. पाहुणे खूश." अश्विन नावाचा हॉटेलवाला एरवी एका डागासाठी पेटी परत पाठवतो, त्यानंही दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं. सत्तारभाईंनी ते सगळं वाचलं आणि त्यांना कसंतरी झालं. ही माणसं त्यांची कीव करत होती. आयुष्यभर ज्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं, त्यांनी आपली कीव करावी, याहून हलकं काय असतं?

त्याच दुपारी नगमा गाळ्यावर आली. घरात ही मंडळी उर्दू बोलत, पण भांडण वऱ्हाडीतच होई.

"फळ कसं होतं, अब्बा?"

"बोललो ना मी सगळ्यायले."

"मले सांगा."

"चांगलं होतं, बेटा."

"सपक होतं. तोडतानाच खाल्लं होतं मी. जात वाईट आहे, का घाई झाली, का पाणी जास्त झालं, मले काई समजून नाई राहिलं होतं. तुमी सांगसान म्हणून पाठवलं. अर्धं वावर मोकळं ठेवलं तुमच्या एका बोलण्यासाठी. त्या चिखलदऱ्याच्या डोमाजीले तुमी भर बाजारात म्हणले, तुझी स्ट्रॉबेरी ढोरं नाई खात. त्याले शेतकरी समजले, म्हणून म्हणले. मले काय समजले?"

आपण मुलीला जपलं, असं सत्तारभाईंना सकाळपर्यंत वाटत होतं. ज्याची तोंडावर वाईट म्हणवून घेण्याचीही लायकी नाही, अशा माणसात आपण तिला बसवलं, हे आता कळलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

तिनं उरलेलं एक फळ पुढे ठेवलं. त्यांनी कापलं, खाल्लं.

"सपक आहे," ते म्हणाले. "जात चांगली आहे. तोड घाईची आहे. पाणी तर असं देल्लं जसं धान लावलं. पदवी घेतली अन् अक्कल अकोल्यालेच ठेवून आली."

"आता हेच सगळ्यायले सांगा."

त्यांनी सांगितलं. माल माझ्या लेकीचा, नगमाचा आहे, सपक आहे आणि काल मी खोटं बोललो, असं स्पष्ट सांगितलं. निरोप जातो न जातो तोच केशवरावांचा फोन आला. नगमानं तो उचलून आवाज मोठा केला.

"काका, नगमा बोलून राहिली. पाहुणे काय म्हणले ते खरंखरं सांगा."

केशवराव आधी चाचरले, मग सुटले. लोकांनी फोडी पानात तशाच टाकल्या. नवरदेवाच्या मामानं मीठ मागितलं. कोणी विचारलं, हे धुऊन आणलं की पाण्यात उकळून. वऱ्हाडी माणूस दाबून ठेवलेलं बोलायला लागला की थांबत नाही. नगमा मध्ये मध्ये विचारत होती, "अन् मऊ होतं का कडक? बुडाकडं गोड होतं का थोडं?"

सत्तारभाईंना ऐकवेना. दुसऱ्याच्या घामाला त्यांनी जन्मभर याहून वाईट बोल लावले होते, आणि कधी मान वर करून समोरच्याचा चेहरा पाहिला नव्हता. ते उठले आणि दाराकडे निघाले.

नगमानं फोनवर हात ठेवला. "बसा, अब्बा," ती म्हणाली. "तुमी बी ऐका."