व्याह्याचा वर गेलेला हात

जावयाने मला काष्टीच्या भर बाजारात फसवलं. तेही मी त्याच्याकडून स्पॅनिश शिकत असताना.

जावई स्पेनचा. पुण्याच्या कंपनीत लेकीबरोबर होता, तिथेच जमलं. मराठी बरी बोलतो. त्याचे वडील आमच्याकडे राहायला येणार, तेव्हा मी म्हटलं, "मला फक्त 'नको' म्हणायला शिकवा. या, बसा, खा हे हातवाऱ्यांनी होतं. माणसाला थांबवायला भाषा लागते." बदल्यात त्याला बैलबाजारातला रुमालाखालचा भाव शिकायचा होता. ठरलं.

आपल्याकडे 'बोलू'ला 'नको' जोडलं की काम झालं. त्यांच्याकडे शब्दाची शेपटीही पिळावी लागते. 'आब्ला' म्हणजे बोल, पण बोलू नको म्हणजे 'नो आब्लेस'. 'कोमे' म्हणजे खा, खाऊ नको म्हणजे 'नो कोमास'. 'आ'वाल्याने 'ए'च्या घरात शिरायचं, 'ए'वाल्याने 'आ'च्या. बांधावरून भांडलेल्या भावांनी एकमेकांची घरं बळकावावीत, तसला प्रकार.

"पण व्याह्याला अरे-तुरे करायचं?" मी विचारलं.

"चालतं, मामा. अहो म्हटलं की बाबांना म्हातारं वाटतं."

"मग आमच्यात सगळे म्हातारेच जन्माला येतात म्हणा!"

मीही हातचं राखलं नाही. रुमाल टाकून कुठलं बोट दाबलं की किती, ते शिकवलं. बाजाराच्या दिवशी नुकता आलेला व्याहीही बरोबर होता. सकाळी जीपमध्ये, सराव म्हणून, त्या दिवशी मी जास्तीत जास्त किती देणार तेही त्याच्या बोटांवर दाबून दाखवलं. "हे पोटात ठेवा," एवढंच म्हणालो.

बाजारात एक खिलारी जोडी दिसली. जन्मभर दुसऱ्यांच्या दावणीसाठी बैल घेतले, ही जोडी मला माझ्या दावणीला हवी होती. चेहऱ्यावर दाखवलं नाही. दात पाहिले, नाक मुरडलं. मालकाने रुमाल टाकला. त्याचा भाव बोटाबोटाने खाली यायला लागला.

तेवढ्यात मागे व्याह्याने आपल्या लेकाला, म्हणजे जावयाला, काहीतरी विचारलं. जावयाने त्याच्या कानात सांगितलं. व्याही खूश! आपल्यालाही कळलं हे मला दाखवायला त्याने माझा शेवटचा आकडा बोटांनी उघड्यावर वर धरला. त्या बाजारात बोटं न वाचता येणारा माणूस नाही.

"नो लेवान्तेस ला मानो!" मी ओरडलो. हात वर करू नकोस! शेजारचा खोंड बुजला.

जावयाने टाळ्या वाजवल्या. "मामा, एकदम बरोबर! 'ए' लावला तुम्ही!"

मालक रुमाल झटकत हसला. "आता रुमाल कशाला, पाव्हनं? तुमचं गोरं पाव्हनं म्हनत्यात तेवढं द्या."

"एक पैसा वाढवून देत न्हाई!" म्हणत मी त्याचा बाप काढला.

"मग तुमाला बैल न्हाई. लई झालं." त्याने जोडी शेजारच्या गिऱ्हाइकाला दिली, तीही उघड्यावर पडलेल्या माझ्या आकड्याहून कमीत. माझ्यादेखत बैल टेम्पोत चढले.

लेक म्हणते, "बाबा, जाऊ द्या, त्यांना कळलं नाही." व्याह्याला कळलं नाही, कबूल. त्याला मी चहा पाजला. पण जावयाला सगळं कळत होतं, मीच शिकवलं होतं. पोटात ठेवायला दिलेला आकडा बापाच्या कानात का ओतला, याचं उत्तर जावईबापूंनी माझ्यासमोर बसून द्यावं. लेकीला पुढे करायचं नाही.