कॅमेऱ्यावरचं कुंकू

मंडळी, आज आणे गावात चुलतभावाकडे, दत्तूकडे गेलो होतो. त्याने जुनी, पण आलिशान एसयूव्ही घेतली आहे. तिचे पुढचे दोन्ही कॅमेरे बंद होते. पठ्ठ्याने नवे ऑनलाइन मागवले आणि व्हिडिओ बघत, बंपर उतरवून स्वतःच बसवले. स्क्रीनवर अंगण लख्ख दिसलं.

"बघा राव! तुमच्या डब्याला हाय का असलं?" माझ्या गाडीकडे बोट करून तो सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले.

तो हात धुवायला गेला. काकूने कौतुकाने गाडीला हळदकुंकू लावलं. तिचं एक बोट नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर टेकलं. मी समोरच खाटेवर होतो. मला दिसलं.

दत्तू परत येऊन बघतो, तर स्क्रीनवर लाल धुकं. "माल डुप्लिकेट निघाला!" मी चहा पीत राहिलो. खरं सांगतो, मजा वाटत होती. त्याने काच न बघताच पुन्हा बंपर उतरवला, रागात वायर हिसडली आणि नव्या कॅमेऱ्याचा सॉकेट तुटला. मग त्याला कुंकू दिसलं.

"आये, हात तोडून ठिवू का तुझे?" तो चारचौघांत ओरडला. काकूने हात पदराखाली घेतले. मी उरलेला चहा संपवला.

निघताना तिने हळूच विचारलं, "तू समोरच व्हतास ना रे? तुला दिसलं न्हाई?"

"नाही काकू."

"मंग कुणालाच दिसलं नसंल," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत शेंगा भरू लागली.

आता सांगा, उद्या फोन करून तिला खरं सांगू, की तिच्या नजरेत चांगला पुतण्या म्हणून राहू?